उत्तरच येत नाही, तर कविता पाठवायच्या कशाला?

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. सध्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, शिफ्ट ड्यूटी असते. कॉलेजपासून कविता लिहितो. फेसबुकवर टाकतो, लोकांना आवडतात. दोनेक वर्षांपासून मासिकांना पाठवायला लागलो. बहुतेक ठिकाणांहून काहीच कळत नाही. होकार नाही, नकारही नाही. एका अंकात माझी कविता छापून आली, पण ते मला गावाकडच्या एका सरांनी पानाचा फोटो पाठवला तेव्हा कळलं. अंक माझ्यापर्यंत आलाच नाही. वर माझ्या लांब ओळी मधेच तोडून खाली टाकलेल्या. दुसऱ्या एका ठिकाणी ‘आधी वार्षिक वर्गणी भरा, मग कवितेचा विचार करू’ असं सांगितलं. आणि अनेक कवींकडून पैसे घेऊन निघणाऱ्या प्रातिनिधिक काव्यसंग्रहवाल्यांचे मेसेज तर रोज येतात: दोन पानं, पंधराशे रुपये, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र.

मोठा भाऊ म्हणतो, या भानगडीत पडू नको, द्राक्षाचे पैसे आले की सरळ पुस्तकच काढू. मित्र म्हणतात, पुण्यामुंबईत ओळख असल्याशिवाय काही होत नाही.

मला विचारायचंय: वाट किती बघायची? तीच कविता दुसरीकडे पाठवली तर चालतं का? पैसे द्यायचे का? आणि खरं सांगायचं तर, फेसबुकवर एवढे वाचक असताना हा खटाटोप करायचाच कशाला?

सोबत एक कविता जोडली आहे. जमलं तर सदरात छापा.

(नाव छापू नका ही विनंती. सातपूर, नाशिक)

उत्तर

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर ‘काही गरज नाही’ असं निघालं, तर बाकीचे सगळे प्रश्न आपोआप मिटतात.

फेसबुकवर तुम्हाला वाचणारे बहुतेक जण तुम्हाला ओळखतात. गावचे, कॉलेजचे, कारखान्यातले, भावकीतले. निफाडच्या पोराने गारपिटीवर चार ओळी लिहिल्या की त्यांच्या डोळ्यांपुढे तुमचाच मळा उभा राहतो. ओळींनी करायचं काम निम्मं ओळखीनेच उरकलेलं असतं. त्यांची दाद खोटी नसते, पण त्यातली कवितेला किती आणि तुम्हाला किती, हे वेगळं काढता येत नाही. संपादकाला तुमचा मळा माहीत नसतो, तुमची रात्रपाळी माहीत नसते. त्याच्यासमोर नुसता कागद असतो. तुमच्या कवितेला भेटणारा तो पहिला परका वाचक. या एका कारणासाठी मी पाठवा म्हणते. नाव, पैसा, पुरस्कार ही कारणं मी देणार नाही. नाव फार थोड्यांचं होतं आणि मानधन बहुतेक छोट्या नियतकालिकांना परवडतच नाही.

आता हा परका वाचक गप्प का बसतो ते.

मी नाशकातल्याच एका छोट्या द्वैमासिकाच्या कामात बरीच वर्षं हातभार लावला. ते बंद पडलं आहे, त्यामुळे मोकळेपणाने सांगते. अंकावर ‘संपादकीय कार्यालय’ म्हणून जो पत्ता छापलेला असे, ते संपादकांचं राहतं घर होतं. ते कॉलेजात शिकवत. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आणि कवींच्या कविता एकाच टेबलावर. जेवणाची वेळ झाली की दोन्ही गठ्ठे दिवाणावर जात आणि जेवणं आटोपल्यावर परत येत. कविता निवडणं, लेख कबूल केलेल्यांच्या मागे लागणं, संगणकावर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडे ठाण मांडून बसणं, प्रुफं वाचणं, छापखान्याची उधारी फेडणं, वर्गणी संपलेल्यांना स्मरणपत्रं धाडणं, पाकिटांवर पत्ते चिकटवणं आणि ती पिशव्यांत भरून पोस्टात नेणं, हे सगळं आम्ही दोन-तीन माणसं करत होतो. मराठीतली बरीच वाङ्मयीन नियतकालिकं आजही अशीच चालतात. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट ही स्वस्तातली सेवा बंद केली, तेव्हा पुस्तकं आणि अंक टपालाने धाडणाऱ्या छोट्या मंडळींचं गणित आणखी विस्कटलं.

पूर्वी निदान ‘साभार परत’ असा नकार यायचा. कवी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट कवितेसोबत पाठवायचा, संपादक त्याच पाकिटात कविता घालून परत करायचा. नकाराचा खर्च कवीच्याच खिशातून व्हायचा, म्हणून तर तो पोचायचा. ईमेल आणि व्हॉट्सॲप आल्यावर पाठवणं सोपं झालं, येणाऱ्या कविता भरमसाट वाढल्या आणि त्या वाचणारा माणूस मात्र तेवढाच राहिला. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांना कशी सविस्तर पत्रं लिहायचे, याच्या आठवणी जुनी मंडळी अजून सांगतात. सांगू द्या. पटवर्धनांच्या पाठीशी मौजेसारखी प्रकाशन संस्था होती, आणि तरीही १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झालीच.

याचा अर्थ संपादकांचं काही चुकत नाही, असा नाही. ‘कविता मिळाल्या’ एवढे दोन शब्द कळवायला अर्धं मिनिट लागतं आणि ते अर्धं मिनिट न काढणाऱ्यांत चांगले चांगले संपादकही आहेत. पण त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत तुम्ही रात्री जागवू नका. कविता वाचून नाकारली असेल, वाचलीच गेली नसेल, पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवून विसरली गेली असेल. तुमच्या बाजूने या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

आमच्या त्या गठ्ठ्यात काय काय असायचं तेही ऐका. तहसीलदारांच्या निवृत्तीनिमित्त लिहिलेली कविता, पुतणीच्या लग्नातल्या मंगलाष्टका, नेत्याच्या वाढदिवसाचं कवन, ‘पहिला पाऊस’ या नावाच्या कविता (जूनमध्ये तर विचारू नका), आणि एकाच कवीच्या चाळीस कविता, ‘यातली योग्य वाटेल ती घ्यावी’ अशा चिठ्ठीसह. यात चांगलं काही नसायचंच असं नाही. पण पाठवणाऱ्याने आमचा एकही अंक कधी उघडलेला नाही, हे पहिल्या पानावरच कळायचं. आम्ही मुक्तछंदातली, बहुतेक गावाकडच्या आणि कामगारांच्या जगण्यातली कविता छापायचो. तिथे भावगीताच्या चालीवरची कविता कितीही गोड असली तरी तिला शेजार मिळत नव्हता. कवितेला शेजार लागतो. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पानावर काय आहे, यावर ती कशी वाचली जाईल हे बरंचसं ठरतं.

म्हणून पाठवण्याआधी वाचा. तुमच्या पत्रात तुम्ही मासिकांना कविता पाठवल्याचं चार ठिकाणी आलंय. मासिक वाचल्याचं कुठे दिसलं नाही. नाशिकमध्ये राहून याला सबब नाही. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊन बसा, नियतकालिकं मागा, मागचे अंक मिळतात का विचारा. टिळकवाडीतल्या कुसुमाग्रज स्मारकात कवितेचे कार्यक्रम होतात. तिथे येणाऱ्या मंडळींकडे घरी जुने अंक असतात आणि मागितले तर ती देतात, फक्त परत करावे लागतात. ज्या अंकातल्या किमान तीन कविता तुम्हाला ‘ही मी लिहायला हवी होती’ अशा वाटल्या, तिथे पाठवा. ज्या अंकातली एकही कविता आवडली नाही, तिथे आपली छापून यावी असं वाटणं मला तरी समजत नाही.

तुमच्या मित्रांचं पुण्यामुंबईचं म्हणणं. ओळखीने छापलं जातं का? जातं. दिवाळी अंकांत तर सर्रास, कारण तिथे कवितांची पानं आमंत्रणाने भरतात, नाहीतर लेखाखाली उरलेल्या जागेत कविता बसवतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक हे मराठी वाचकाचं मोठं सुख आहे, पण नव्या कवीने सुरुवात तिथून करू नये असं माझं मत. जाहिराती, नावं आणि घाई या तिन्हींच्या गर्दीत तुमची कविता कुणी मन लावून वाचणार नाही.

पण ‘सगळं पुण्यामुंबईत’ हे मात्र मी मान्य करत नाही, आणि निफाडच्या माणसाने तर ते मुळीच म्हणू नये. निव्वळ कवितेला वाहिलेलं ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ मध्ये निघालं ते जळगावहून. नारायण नरसिंह फडणीस ते काढत. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या आहेत. १९०७ साली कवींचं संमेलन भरलं तेही जळगावलाच, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराला ‘बालकवी’ हे नाव मिळालं ते तिथे. पुढे १९८५ मध्ये पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ हे नियतकालिक सुरू केलं ते धुळ्याहून. कविता आणि कवितेची समीक्षा, दुसरं काही नाही. गंगाधर पंतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर), ‘शब्दालय’ श्रीरामपूरचं. नाशिकहून एसटीने जाता येईल अशा गावांतून मराठी कवितेची इतकी पानं छापली गेली आहेत.

आणि जिथे दार खरोखरच बंद होतं तिथे लोकांनी काय केलं तेही बघा. साठच्या दशकात अनियतकालिकं, म्हणजे ठरावीक वेळेला न निघणारे छोटे अंक, निघाली, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून, पदरमोड करून. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. ‘अस्मितादर्श’ही त्याच काळातलं, दलित लेखकांना प्रस्थापित अंकांत जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपली जागा तयार केली. त्याहून वेगळी वाट हवी असेल तर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक. त्यांची गाणी लोकांच्या तोंडी बसली ती कुणा संपादकाच्या पसंतीची वाट न बघता. तुमची कविता गाण्याची, उभं राहून म्हणण्याची असेल, तर मासिकाच्या मागे न लागणंच बरं. तुम्ही पाठवलेली कविता तशी नाही. ती डोळ्यांनी वाचायची आहे, म्हणून मी एवढं सांगतेय.

ओळख करूनच घ्यायची असेल तर एक सरळ मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. अंक वाचून संपादकांना पत्र लिहा, त्यात आपली कविता जोडू नका. अमुक पानावरची अमुक कविता का आवडली, तमुक लेखातलं काय पटलं नाही, एवढंच. दोन महिने खपून काढलेल्या अंकावर बाहेरच्या माणसाकडून चार ओळी येणं काय असतं, हे मी त्या बाजूने अनुभवलंय. तुमचं नाव लक्षात राहील. त्यामुळे कविता छापली जाणार नाही, पण वाचली नक्की जाईल.

आता तोडलेल्या ओळी. तुमची खरी कळ इथे आहे असं पत्रावरून वाटलं, आणि ती रास्त आहे.

तुम्ही पाठवलेली ओळ बहुधा कुणी संपादकाने ‘दुरुस्त’ केलेली नाही. तुम्ही कविता मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या टायपात, लिहून पाठवली असणार. डीटीपीवाला अंक लावतो तो अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. युनिकोडचा मजकूर तिकडे वळवताना रफार हलतात, जोडाक्षरं फुटतात, आणि मग तो बिचारा हाताने दुरुस्त्या करत बसतो. त्यात पान दोन कॉलमचं असलं तर लांब ओळ कॉलममध्ये मावत नाही, म्हणून ती खाली येते. खाली आलेला तुकडा थोडा आत सरकवून लावला तर वाचणाऱ्याला कळतं की ही वरचीच ओळ आहे. तो सरळ डाव्या कडेला लावला की झाली नवी ओळ आणि गेली कविता. डीटीपी करणाऱ्याला यात दोष देता येत नाही. त्याला दिवसाला लग्नपत्रिकाही लावायच्या असतात आणि बँकेचा अहवालही.

म्हणून कविता पाठवताना एकच फाइल पाठवू नका. युनिकोडमधली वर्डची फाइल, आणि तिचीच पीडीएफ, ओळी कुठे तुटतात ते दाखवण्यासाठी. हाताने स्वच्छ लिहिलेल्या पानाचा फोटो जोडला तरी चालतो. आमच्याकडे त्याचाच जास्त उपयोग व्हायचा. व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये कविता चिकटवू नका, तिथे लांब ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे तुटते आणि ओळ खरी कुठे संपते ते कळत नाही. फार लांब ओळी असतील तर पत्रात तसं एका वाक्यात लिहा: ‘ओळी लांब आहेत, शक्यतो एका कॉलमात लावाव्यात.’ आणि ‘छपाईआधी पान पाहायला मिळालं तर बरं होईल’ असंही लिहा. दर वेळी मिळणार नाही, पण मागणाऱ्यालाच मिळतं. पाठवण्याआधी स्वतःचं शुद्धलेखन एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. बोलीतले शब्द जसे बोलता तसेच ठेवा, फक्त प्रत्येक ठिकाणी सारखे ठेवा. नाहीतर प्रुफं तपासणारा ‘व्हता’चं ‘होता’ करतो आणि त्याला वाटतं आपण उपकार केले.

त्या छापून आलेल्या कवितेबद्दल संपादकांना आजच लिहा, रागाने नको. कविता छापल्याबद्दल आभार, अंकाची एक प्रत हवी आहे, आणि ओळी अशा-अशा तुटल्या आहेत, पुढच्या अंकात शुद्धिपत्र देता येईल का. लेखकाला अंकाची प्रत मिळणं हा उपकाराचा भाग नाही. मानधन नसेल तर एवढी तरी देण्याची रीत आहे. न आल्यास एकदा आठवण करा, मग विकत मागवा आणि जपून ठेवा. पुढे कधी पुस्तक झालं तर ‘पूर्वप्रसिद्धी’च्या पानासाठी लागेल.

वाट किती बघायची? चार महिने. दर महिन्याला निघणाऱ्या अंकाकडे तीनही पुरे, पण द्वैमासिक आणि त्रैमासिकांना वेळ लागतो. चार महिन्यांनी एक स्मरणपत्र. त्यानंतर महिनाभरात काही आलं नाही तर ‘या कविता मी मागे घेत आहे’ अशी एक ओळ कळवून मोकळे व्हा आणि दुसरीकडे पाठवा. ती ओळ कळवणं टाळू नका. तीच कविता एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी देऊ नका. बाहेरच्या भाषांत काही ठिकाणी तसं चालतं. आपल्याकडे दोन अंकांत एकच कविता एकाच महिन्यात आली की दोन्ही संपादक नाराज होतात आणि दोघं एकमेकांना ओळखत असतातच. एक वही करा: कविता, कुठे पाठवली, तारीख, काय झालं. एका वेळी चार-पाच कवितांपेक्षा जास्त पाठवू नका. सोबतच्या पत्रात नाव, पत्ता, फोन, ‘कविता स्वतंत्र आणि अप्रकाशित आहेत’ एवढं पुरे. मिळालेल्या प्रमाणपत्रांची यादी जोडली की आम्ही तरी ती बाजूला ठेवून कविता वाचायचो, कधीकधी कवितेसकट बाजूला ठेवायचो.

‘अप्रकाशित’वरून फेसबुक आलं. तिथे टाकलेली कविता काही संपादक प्रकाशित धरतात, काही धरत नाहीत. विचारावं, किंवा जी मासिकासाठी राखायची ती तिथे टाकूच नये. छापून आल्यावर दोन-तीन महिन्यांनी टाका, अंकाचं नाव देऊन. तुमच्या लोकांना तेवढं थांबवेल.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. वर्गणी भरणं ही वाचकाची गोष्ट आहे. अंक आवडतो म्हणून जरूर भरा, छोटी नियतकालिकं त्यावरच जगतात. मात्र ‘वर्गणी भरा, मग कविता बघू’ म्हटलं की तो व्यवहार झाला, तिथून निघा. पंधराशे रुपयांत दोन पानं देणाऱ्या प्रातिनिधिक संग्रहाला तुम्ही वगळता प्रतिनिधित्व कुणाचं करायचंय ते मला अजून कळलेलं नाही. त्यात कुणी कुणाला वाचत नाही, जो तो आपलं पान उघडून फोटो काढतो. सन्मानचिन्हं ठेवायला घरात जागाही लागते. प्रवेश फी घेऊन ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार देणाऱ्यांचंही तेच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कविता छापली म्हणून तिचे हक्क मासिकाकडे जात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. तोवर कविता तुमची, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं वारसांची. तेव्हा अशा संग्रहांचे फॉर्म न वाचता भरू नका. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं एखाद्या कोपऱ्यात लिहिलेलं असू शकतं.

भावाचं म्हणणं प्रेमाचं आहे, त्यांना दुखवू नका. पण द्राक्षाचे पैसे इतक्यात काढायला लावू नका. पाचशे प्रती छापल्या की शंभर नातेवाइकांत आणि कारखान्यात जातात, बाकीच्या खोक्यांतून पलंगाखाली. ज्याला तुमचं नाव माहीत नाही त्याने ते पुस्तक का उचलावं, याचं उत्तर पुस्तकात नसतं. ते आधी मासिकांतून आलेल्या कवितांनी द्यावं लागतं. केशवसुत १९०५ मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता, तरी कविता वाचणाऱ्यांना ते माहीत होते, कारण मासिकं होती. कुसुमाग्रजांचं आपल्याला जवळचं उदाहरण. एचपीटी कॉलेजात शिकत असल्यापासून त्यांच्या कविता ‘रत्नाकर’सारख्या मासिकात येत होत्या. त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह निघाला १९४२ मध्ये, आणि तो प्रसिद्ध करायला पुढे आले वि. स. खांडेकर.

तेव्हा आधी वीस-पंचवीस कविता चांगल्या अंकांतून येऊ द्या. मग पुस्तकाचं बघू. त्या वेळी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच. हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासलं जातं, म्हणजे पुन्हा एक परका वाचक. पुस्तक झालं की इथल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा विशाखा काव्य पुरस्कार आहे. तोही कवीच्या पहिल्या संग्रहालाच देतात आणि विद्यापीठ तुमच्या घरापासून गंगापूर धरणाच्या वाटेवर. नियम आणि मुदती त्या-त्या वर्षीच्या बघून घ्या.

तुम्ही जोडलेली कविता मी इथे छापलेली नाही. छापली असती तर ती प्रकाशित ठरली असती आणि दुसरीकडे पाठवायची सोय राहिली नसती. ती मी दोनदा वाचली. रात्रपाळी सुटल्यावर मशीनचा आवाज कानात घेऊन घरी येणारा माणूस आणि त्याच आवाजात भरणारी पहाटेची पाण्याची टाकी, इथवर कविता फार चांगली आहे. शेवटच्या चार ओळींत मात्र तुम्ही कामगाराच्या आयुष्याबद्दल जे समजावून सांगताय, ते टाकीच्या आवाजाने आधीच सांगून टाकलंय. त्या चार ओळी काढून बघा. पटलं नाही तर ठेवा, कविता तुमची आहे.

मग आणखी तीन चांगल्या कविता सोबत घेऊन ‘कवितारती’चे मागचे दोन-तीन अंक वाचा, आणि शेजार जमतोय असं वाटलं तर तिकडे पाठवा. सोबतच्या पत्रात मी सांगितलं म्हणून पाठवतोय असं लिहू नका.